मस्कतचा विचार आणि वैजनाथची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. खुर्ची म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं लगेच पुढारी उभा राहतो, हे मला ठाऊक आहे. तो विचार आधी डोक्यातून काढा. माझ्यासाठी कधी निवडणूक झाली नाही, माझ्यावरून भावाभावांत फूट पडली नाही, आणि माझ्यावर बसलेला प्रत्येक माणूस शेवटी आपल्या पायानं उठून गेला आहे. मी संग्रामपूरच्या बसस्टँडजवळच्या वैजनाथच्या कटिंगच्या दुकानातली खुर्ची. जिच्या पायाशी दांडी असते, आणि दांडी दाबली की जी वर जाते, ती.

माझा जन्म अकोल्याचा. एका पत्र्याच्या शेडमध्ये मला घडवलं. हातांना चकचकीत मुलामा, अंगावर लाल रेग्झीन आणि पोटात तेलाचा पंप. वैजनाथचे वडील अर्जुनराव मला न्यायला आले, तेव्हा त्यांनी मला तीनदा वरखाली करून पाहिलं आणि मग म्हणाले, अजून एकदा पाहतो. एसटीच्या टपावर बांधून त्यांनी मला गावी आणलं. पाय आभाळाकडं करून मी निजले होते आणि वाटेतल्या प्रत्येक गावची पोरं मला पाहून गाडीमागं धावत होती.

त्याआधी गावात गोणपाटावर बसून हजामत व्हायची. त्यामुळं सुरुवातीला लोक चप्पल बाहेर काढून माझ्यावर बसत. एका शेतकऱ्यानं तर कटिंग झाल्यावर उठायलाच नकार दिला. म्हणाला, मघाच्या गड्याले दोन खेपा वर नेलं, मले एकच काऊन? अर्जुनरावांनी मुकाट्यानं त्याला अजून एकदा वर नेला. लहान पोरांसाठी माझ्या दोन्ही हातांवर फळी टाकत आणि तिच्यावर बसलेलं पोर हमखास भोकाड पसरायचं. त्या काळातला माझा रुबाब तुम्ही पाहिला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्याकडचं पाणी खारं. त्या पाण्यात साबणाला फेस म्हणून येत नाही. साबण दुप्पट घ्यावा, ब्रश शंभर वेळा घोटावा, तेव्हा कुठं गालावर थोडं पांढरं दिसतं. अर्जुनरावांचं मनगट त्यानंच तयार झालं. त्यांच्यामागं वैजनाथ उभा राहिला, त्याचंही तसंच झालं. चौदाव्या वर्षी त्यानं कात्री धरली, आज तो बेचाळीसचा आहे. एवढी वर्षं तो माझ्याभोवती गोल फिरला. घाण्याचा बैलसुद्धा एखाद्या सणाला सुट्टी घेतो.

पण कोणाचे दिवस सारखे राहतात? माझं रेग्झीन उसवलं, आतला स्पंज डोकावू लागला. वैजनाथनं सायकलच्या ट्यूबचं ठिगळ मारलं. मग पोटातला पंप गळू लागला. कोणी बसलं की मी हळूहळू खाली जाते. डावा कल्ला कापला जायचा तेव्हा माणूस असायचा छातीएवढा उंच, उजव्या कल्ल्यापर्यंत तो यायचा कमरेएवढा. वैजनाथ कटिंग उभ्यानं सुरू करायचा आणि वाकून संपवायचा. गावाला त्याची सवय झाली. पुढं रस्त्यापलीकडं काचेच्या दाराचं नवं सलून निघालं, तिकडं जवान पोरं गेली. माझ्याकडं उरली ती जुनी खोडं. त्यांना केस थोडे आणि बोलायचं फार.

तशात एक दिवस शेजारच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानाचा मालक धम्मरत्न आला आणि त्यानं वैजनाथला फोनवर एक जाहिरात दाखवली. मस्कतच्या एका सलूनला कारागीर हवे होते. दोन वर्षांचा करार, राहणं-जेवण त्यांचं. धम्मरत्न म्हणाला, फॉर्म भरून टाकू का? वैजनाथ म्हणाला, थांब, विचार करतो.

आता वैजनाथचा विचार करणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. माणसं म्हणतात, ऐकावं जनाचं, करावं मनाचं. वैजनाथ ऐकायचा जनाचं आणि मनाचं करायच्या आत दुसरं गिऱ्हाईक बसायचं. माझ्यावर जो बसेल त्याच्या गळ्याला तो कापड गुंडाळायचा आणि विचारायचा, काय म्हणता, मस्कतले जाऊ का नको?

कोणी म्हणालं, जा, नशीब उघडलं. त्या दिवशी वैजनाथची कात्री एक्स्प्रेससारखी चालायची आणि माणसं टकली होऊन बाहेर पडायची. कोणी म्हणालं, तिथं उन्हात माणूस वाळवणासारखा वाळते. त्या दिवशी तो एकेक केस विचारून कापायचा. एकानं सांगितलं की तिथं पाणी विकत घ्यावं लागते. त्यावर दुसरा म्हणाला, आपण इथं काय फुकट गोडं पाणी पिऊन राह्यलो का? दोन गिऱ्हाइकांचं माझ्यासमोर जुंपलं आणि एकाची अर्धी मिशी तशीच राहून गेली.

फक्त फकीर मोहम्मद चाचांनी सल्ला दिला नाही. चाचा शिंपी, अकरा वर्षं कुवेतला राहून आलेले. सगळे म्हणायचे, खरं काय ते चाचांना विचार. चाचा डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "अकरा वर्षं तिथं कटिंग करून घेतली बेटा. न्हावी चांगली करत होते. पण एकानंही मले कधी इचारलं नाही, का चाचा, अम्मीची तबियत कशी आहे." एवढं बोलून त्यांनी मान मागं टाकली. जा म्हणाले का नको म्हणाले, हे वैजनाथला कळलं नाही. मलाही नाही.

इतक्या सगळ्यांना विचारलं, पण एका माणसाला विचारलं नव्हतं. वैजनाथची बायको रेवती. दुपारी ती डबा घेऊन यायची, दारातूनच द्यायची आणि रिकामा डबा घेऊन जायची. कटिंगच्या दुकानात बाई बसत नाही, ही आमच्याकडची रीतच. तिला मस्कतची बातमी कळली ती पिठाच्या गिरणीवर. गिरणीवरच्या जनकाबाईनं विचारलं, काय वं, तुझे मालक विमानात बसून राह्यले म्हणते? रेवती हो म्हणाली आणि दळण घेऊन घरी आली. नवऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. हे चाचांनी बायकोकडून ऐकून नंतर दुकानात सांगितलं, तेव्हा वैजनाथची कात्री हवेतच थांबली होती.

मुलगी स्वरदा शेगावला कॉलेजात, हॉस्टेलवर. म्हणजे वैजनाथ गेला तर रेवती घरात एकटी. तरी त्यानं विचारलं नाही. का विचारलं नाही, ते मी सांगते. तो भीत होता. ती जा म्हणाली तर वाटणार, हिला आपली गरज नाही. नको म्हणाली तर मस्कत गेलं. आणि खरं सांगायचं तर दिवसभर माझ्याभोवती बोलून बोलून त्याच्याजवळ घरी न्यायला शब्दच उरत नसत. गावात वैजनाथसारखा गप्पिष्ट माणूस नाही, आणि रेवतीच्या घरात मुका नवरा. चाचांच्या बायकोजवळ ती एकदा म्हणाली होती, आमचे मालक घरी येतात ते रिकाम्या डब्यासारखे.

शेवटी धम्मरत्ननं न विचारताच फॉर्म भरून टाकला. म्हणाला, भाऊ, तुम्ही विचार करत बसा, तारीख निघून चालली. मुंबईच्या ऑफिसातून उत्तर आलं. फोनवर व्हिडिओत परीक्षा होईल. अर्ध्या तासात कटिंग आणि दाढी, मध्ये थांबायचं नाही. आणि गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलायचा नाही, तिथल्या सलूनचा तसा नियम आहे.

मित्रांनो, वैजनाथला बोलू नको म्हणणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणणं. त्यानं सराव सुरू केला. चार दिवस तोंड घट्ट मिटून काम केलं. पहिल्या दिवशी गिऱ्हाइकांना वाटलं, दात दुखतोय. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपलं काही चुकलं. तिसऱ्या दिवशी दोघं-तिघं त्याच्या घरी जाऊन रेवतीला विचारून आले, कोणी गेलं का हो तुमच्याकडचं? रेवती म्हणाली, घरी तर ते नेहमीच असे असतात, तुम्हाले आज दिसलं.

परीक्षेसाठी गिऱ्हाईक ठरले सौमित्र सर. प्राथमिक शाळेतले शिक्षक, केस दाट आणि स्वभाव गरीब. त्यांनी वैजनाथसाठी तीन आठवडे दाढी राखली. शाळेत मुलं त्यांना घाबरायला लागली, हा वरचा फायदा.

आता माझं मन सांगते. लपवून काय करायचं? मला वैजनाथ जायला नको होता. तो गेला की मी भंगारात, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि त्याला अडवणं माझ्या हातात होतं. हातात म्हणजे पोटात. वस्तरा कल्ल्यावर आला की पंप सोडून द्यायचा आणि एकदम खाली बसायचं. वाकडी रेघ उमटली की परीक्षा खलास. मी पक्कं ठरवलं होतं. माझ्या मनात त्या दिवसांत फार पाप होतं.

परीक्षेच्या दिवशी रेवती सकाळीच आली. चांगल्या कामाला चांगलं पाणी हवं म्हणून तिनं गोड्या फिल्टर पाण्याचा जार विकत आणला होता. तो तिनं आत ठेवला आणि दारापाशी उभी राहिली. धम्मरत्ननं फोन धरला. फोनवर मुंबईचा साहेब दिसू लागला, जाड भिंगांचा चष्मा लावलेला. सौमित्र सर माझ्यावर बसले. वैजनाथनं दांडी दाबली आणि मी वर गेले.

कटिंग झकास झाली. मी दात-ओठ खाऊन वर थांबले होते, वस्तऱ्याची वाट पाहत. मग दाढीची वेळ आली. वैजनाथनं सवयीनं दुप्पट साबण घेतला आणि सवयीनंच ब्रश शंभर वेळा घोटायला घेतला. पण पाणी गोडं होतं, हो. सात-आठ हातांतच वाटी भरली. वैजनाथनं तो फेस सरांच्या गालावर लावला आणि त्याचं मनगट थांबेना. अठ्ठावीस वर्षांची सवय ती, कुठं थांबणार? फेस गालावरून नाकावर गेला, नाकावरून डोळ्यांवर, कानांत, कपाळावर. उतू जाणारं दूध खाली बसवायला निदान पाण्याचा शिपका तरी मारता येतो. इथं पाण्यानंच घात केला होता. बघता बघता सौमित्र सर दिसेनासे झाले.

वैजनाथला बोलायची मनाई. सरांचं तोंड फेसात. धम्मरत्न हसू दाबताना थरथरत होता, त्यामुळं फोनही थरथरत होता. मुंबईचा साहेब चष्मा पुसून पुढं वाकला आणि म्हणाला, "बंदा किधर गया?"

वैजनाथ डगमगला नाही. त्यानं बोटानं चाचपून आधी नाक शोधलं. नाक सापडलं की माणसाचा बाकीचा नकाशा न्हाव्याला पाठ असतो. मग वस्तरा काढला. हीच माझी वेळ होती. पण वस्तरा कल्ल्यावर न जाता सरळ गळ्यावर आला. मला सरांचा गळा दिसला. त्यांच्यामागं म्हातारी आई आहे, दोन लेकरं आहेत, आणि ते तीन आठवडे दाढी खाजवत इथवर आले आहेत. दाराशी रेवती होती. तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं होतं. मी मनात म्हटलं, माणूस मारून मला कोणाला ठेवून घ्यायचं नाही. आणि मी थांबले. गळक्या पंपानं, सगळा जीव एकवटून, केसभरही खाली न जाता थांबले. पंप गळू लागल्यापासून आठ वर्षांत एवढा वेळ मी वर राहिले नव्हते. वस्तरा फेसातून सरसर फिरला आणि आतून सर निघाले. गुळगुळीत, वयानं दहा वर्षं कमी झालेले.

शेवटचं काम राहिलं होतं, टॉवेलनं तोंड पुसायचं. वैजनाथनं टॉवेल उचलला आणि एकोणतीस मिनिटं दाबून धरलेलं त्याच्या तोंडून निसटलंच. "सर, आईच्या गुडघ्याचं काय मंग?"

सर घाबरून आरशात बघत राहिले, उत्तर द्यावं का नाही ते त्यांना कळेना. धम्मरत्ननं कपाळाला हात लावला, तर साहेबाला छत दिसू लागलं. मग फोनमधून साहेबाचा आवाज आला. त्यानं विचारलं, "हां भाई, माताजी का घुटना अब कैसा है?"

सर म्हणाले, बरा आहे. आणि मी तेव्हा श्वास सोडला. फुस्स करून अशी बसले की सर एकदम वीतभर खाली गेले. पण तोवर परीक्षा संपली होती.

चार दिवसांनी निवड झाल्याचं पत्र आलं. सोबत ताकीद होती की बोलण्यावर ताबा ठेवावा. संध्याकाळच्या पाचच्या आत होकार किंवा नकार कळवायचा होता. धम्मरत्ननं पत्र वाचून दाखवलं आणि वैजनाथनं काय केलं असेल? माझ्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, काय म्हणता, जाऊ का नको?

सकाळपासून दुपारपर्यंत त्यानं नऊ जणांना विचारलं. पाच म्हणाले जा, चार म्हणाले नको. दहाव्याची वाट पाहत तो दारात उभा होता. रेवती डबा घेऊन आली. तिनं डबा आरशापुढं ठेवला, पदर खोचला आणि सरळ येऊन माझ्यावर बसली. चाळीस वर्षांत माझ्यावर बसलेली ती पहिली बाई. मी इतकी अवघडले की खाली जायचंसुद्धा विसरले. तिनं कापड आपल्या हातानं गळ्याला गुंडाळलं आणि आरशात बघत म्हणाली, "आता मी गिऱ्हाईक आहे. आता इचारा."

वैजनाथनं सवयीनं कात्री उचलली. तालुक्याला विचारून झालेला माणूस स्वतःच्या बायकोपुढं नवख्यासारखा उभा राहिला. हळूच म्हणाला, "जाऊ का नको?"

रेवती म्हणाली, "नका जाऊ म्हणावं असंच वाटते मले. पण माह्या सांगण्यानं थांबसान, अन् मंग जलमभर त्या समोरच्या सलूनकडं पाहत बससान. तुम्हाले जायाचं आहे का, ते सांगा. समद्या गावाले इचारलं तुम्ही, पण हे कोणालेच सांगतलं नाही."

वैजनाथनं कात्री खाली ठेवली. म्हणाला, "जावं वाटते. चौदा वर्षांचा होतो तवापासून या चार फुटांत फिरून राह्यलो. एक डाव दुसरीकडं उभं राहून पाहावं वाटते. पण तुले एकटं टाकून जायाचं भेव वाटते. अन् तू खुशीनं जा म्हणशील, याचं त्याहून जास्त."

"खुशीनं नाही म्हणत," रेवती म्हणाली. "जा. दोन वर्षं. मी रडीन, पण ते माह्यं मी पाहीन." मग तिनं सांगितलं की दुकान बंद ठेवायचं नाही. इथं ती पिको-फॉलचं मशीन टाकणार होती. फकीर मोहम्मद चाचांशी बोलून झालं होतं, त्यांचं जुनं मशीन नक्की झालं होतं, शिकणंही अर्धं झालं होतं. वैजनाथनं डोळे विस्फारून विचारलं, हे केव्हा केलं? ती म्हणाली, तुम्ही गावाले इचारत होते तवा.

वैजनाथ हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. रेवतीनं गळ्याचं कापड सोडून त्याच्या हातात दिलं. पाचला दहा मिनिटं असताना धम्मरत्ननं होकार पाठवला.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. मी भंगारात गेले नाही. माझ्यावर आता बायका बसतात. साडी द्यायला येतात आणि तासभर उठत नाहीत. गप्पांच्या बाबतीत पुरुष यांच्यापुढं पार फिके, हे मला उशिरा कळलं.

शुक्रवारी मस्कतला सुट्टी असते. त्या दुपारी रेवती मशीन थांबवते, दाराला कडी लावते, माझ्यावर येऊन बसते आणि फोन लावते. तिथल्या सलूनमध्ये बोलायला मनाई. सहा दिवस वैजनाथचं तुंबलेलं बोलणं सातव्या दिवशी सगळंच्या सगळं तिच्याकडं येतं. तिथं साबणाला किती फेस येतो, इथपासून समुद्र पाहून त्याला कसं झालं, इथपर्यंत. एकोणीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचा एवढा आवाज ऐकला नव्हता. परवा तर तिनं त्याला सांगितलं, आता जरा थांबा, मलेही काही सांगायचं आहे. तो थांबला. ती बोलत राहिली आणि तो नुसता हं, हं करत ऐकत राहिला.

तर मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. कटिंगच्या दुकानात गेलात की खुर्चीच्या फाटक्या भोकात बोट घालून स्पंज उपटू नका, आम्हाला दुखतं. दांडीशी उगाच खेळू नका. आणि घरात कोणाला काही विचारायचं राहून गेलं असेल, तर त्या माणसावर खुर्चीत येऊन बसायची पाळी आणू नका. आज घरी गेल्या गेल्या विचारा.